लेकीनं पाठवलेलं चॉकलेट

माझी लेक उर्वशी हैदराबादला नोकरी करते. तिची पाच वर्षांची पोरगी चंचल चामोर्शीला आमच्याजवळच असते. डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं असतं असं कुठेतरी ऐकून उर्वशी दर महिन्याला आईसाठी एक पुडा पाठवायची. पहिला तुकडा चाखला तेव्हा माझी बायको भागीरथा म्हणाली, "पोरीनं मले मलेरियाच्या गोळ्या काऊन पाठवल्या?" तरी लेकीनं पाठवलेलं तिनं कधी वाया जाऊ दिलं नाही.

दिवाळीनंतर भागीरथाच्या किडन्या गेल्या आणि मग तीही गेली.

काल उर्वशीचा फोन आला. तसल्या चॉकलेटात शिसं आणि कॅडमियम सापडलं, त्यानं किडन्या खराब होतात, असं तिनं मोबाईलवर वाचलं होतं.

"बाबा, खरं सांगजा. माय ते रोज खात होती का?"

"खात होती, बाई."

"सगळं तिनंच खाल्लं?"

"तिनंच. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हती."

"मंग मीच मारलं तिले," ती म्हणाली आणि रडू लागली. मी तिला रडू दिलं.



आज चंचलचं रक्त तपासायला मी गडचिरोलीच्या दवाखान्यात रांगेत उभा आहे, कारण भागीरथा ते कडू चॉकलेट स्वतः खात नव्हती, साखर घालून दुधात विरघळवायची आणि रोज नातीला पाजायची.