छकुलीचा ऊस

"आबा, खाली येक थेंब न्हाय. मग पाणी जातंय कुठं?" ट्रकखालून दत्तोबा मिस्त्री ओरडला.

ट्रक जुना होता, पण त्याच्या मालकासमोर, सोपानआबासमोर, त्याला जुना म्हणायची सोय नव्हती. इंदापूर रस्त्याच्या कडेला, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांशेजारी तो उभा होता. आठवडा झाला, रोज सकाळी रेडिएटर तांब्याभर कमी भरायचा आणि जमीन मात्र कोरडी ठणठणीत. दत्तोबाने ऑइलची काडी ओढून बघितली; ऑइल दुधाळ झालं नव्हतं. सायलेन्सरातून पांढरा धूरही नव्हता. म्हणजे इंजिन आतून पाणी पीत नव्हतं. सोपानचा जीव भांड्यात पडला.

दत्तोबा हातातली बॅटरी लावून उताणा पडून राहिला. बऱ्याच वेळानं वॉटर पंपाच्या बुडाच्या बारीक भोकातून एक हिरवा थेंब फुगला, लोंबला आणि खाली पडला. मग दुसरा.

"घावलं! पंपाचं सील गेलंय." मग तोच पुटपुटला, "पर रातभर असं गळतंय, तर जमीन कोरडी कशी?"

पंपाच्या बरोबर खाली धुळीत एक गोल उमटला होता. भांड्याच्या बुडाचा.

सोपान वाकून बघत हसला. "आमच्या छकुलीचं काम. कोपीतल्या म्हाळसाची पोरगी. गेल्या सालीबी असंच गळायचं, तवा मीच म्हनलं हुतं, वाया जातंय, घे की पोरी. हात-पाय धुवायची ती त्यात."

दत्तोबा हसला नाही. तो ट्रकखालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आबा, गेल्या साली तुमी कॅनॉलचं पाणी भरत हुता. औंदा मी कूलंट वतलंय त्यात, इंजिन गार ठेवायचं औशद. विख हाय ते. आमच्या ग्यारेजवरचं कुत्रं सांडलेलं चाटून मेलं. गोड लागतंय ना, म्हनून चाटतंय जनावर."

कूलंट ओतताना सोपान शेजारीच उभा होता. रंग बघून म्हणालासुद्धा होता, सरबत दिसतंय. पोरीला सांगायचं मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. रेडिएटरमध्ये पाणी असतं. उभा जन्म त्याला एवढंच ठाऊक.

"छकुले!"

कोप्यांवर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं फडावर ऊस तोडायला गेलेली. जाताना म्हाळसा रोजच्यासारखं त्याला सांगून गेली होती, आबा, पोरीकडं ध्यान असू द्या.

"छकुले! ए छकुले!"

ओ आली नाही. तो धावत म्हाळसाच्या कोपीत शिरला. चुलीजवळ एक चेपलेलं पातेलं पालथं पडलं होतं. त्यानं ते उचललं. बुडाला हिरवट ओल होती, बाकी रिकामं. कोपऱ्यात गोधडीखाली छकुली पडली होती. त्यानं गोधडी ओढली, पोरीला खांद्याला धरून हलवलं. ती हलली नाही. आता म्हाळसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं हात तिच्या नाकाशी धरला.

श्वास चालू होता. जरा जास्तच जोरात चालू होता. आणि डोळे नुसते मिटलेले नव्हते, गच्च आवळलेले होते.

"मारू नका, आबा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "परत न्हाय घेनार तुमच्या गाडीचं पाणी."

"न्हाय मारत गं माझे बाई. फकस्त खरं सांग. प्यालीस?"

तिनं मान हलवली. व्हय की न्हाय, काही कळेना. दारात दत्तोबा येऊन उभा होता. त्याच्याकडं घाबरून बघत ती उठली आणि सोपानचं बोट धरून त्याला कोपीच्या मागं घेऊन गेली.

तिथं चार काड्यांचं कुंपण घालून तिनं वाफा केला होता, परातीएवढा. त्यात उसाची टिपरं रोवलेली. प्रत्येक टिपराला कोंब फुटले होते, आणि सगळे कोंब वाळून पाचटासारखे पिवळे पडले होते.

"आई तोडती," छकुली म्हणाली. "म्हनून मी लावला."

सोपान वाफ्यापाशी खाली बसला.

"समदं ह्यालाच घातलंस? थोडंबी चाखलं न्हाईस?"

"पयल्या दिशी येक बोट चाटलं. लई गोड हुतं." ती वाफ्याकडं बघत म्हणाली. "मग म्हनलं, उसालाच घालावं. जास्त गोड हुईल."

दत्तोबानं एक रिकामा डबा पंपाखाली सरकवला, कुणी तोंड घालू नये म्हणून भोवती दगड रचले आणि मोटरसायकलला किक मारली. "येक बोट म्हनती, तरी बारामतीला डाक्टरला दावूनच येऊ. म्हाळसाला वाटंत फडावरनं घेऊ."

सोपाननं मागं बसून पोरीला पुढ्यात घेतलं. दोन्ही हात त्यानं तिच्या पोटाभोवती घट्ट आवळून धरले. गाडी हलली तशी छकुली वळून कोपीच्या मागं बघायला लागली.

"आबा, मी रोज पाणी घातलं. तरीबी माझा ऊस मेला का?"

"मेला गं बाई, मेला," सोपान म्हणाला, आणि तिच्या केसांत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

"रडू नका," छकुली म्हणाली. "दुसरा लावू."