छत्तीस अक्षरं

रुईच्या प्रत्येक गाठीला छत्तीस अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, आणि एका गाठीचा क्रमांक दुसरीला कधीच मिळत नाही. तो नियमात बसतो का, एवढंच तपासणारा प्रोग्राम रोशनी वर्ध्याच्या ऑफिसात लिहीत होती.

चाचणीसाठी तिने हाताला येईल तसा एक क्रमांक ठोकला. पडद्यावर उत्तर आलं, ‘वैध’.

तेवढ्यात समुद्रपूरच्या जिनिंग कारखान्यातून, तिथे गाठींची नोंद ठेवणाऱ्या प्रफुलचा फोन आला. “ताई, एका जुन्या गाठीचा नंबर यादीत भेटून नाई राह्यला. लिहून घ्या जरा.”

तो वाचत गेला आणि रोशनीचा पेन थांबला. तिने आत्ताच ठोकलेला क्रमांक होता तो, अक्षर न् अक्षर.

कोणीतरी आपला कॉम्प्युटर पाहतंय, असं वाटून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि नेटची वायर उपटली. मग मुद्दाम चुकीचा क्रमांक टाकला. नियमाप्रमाणे आकड्यांशिवाय ए ते एफ एवढीच अक्षरं चालतात. तिने शेवटी झेड घातला. ‘अवैध’.

“बाजूच्या गाठीवर तर शेवटी झेड आहे हो,” प्रफुल म्हणाला. “असं चालते काय?”

रोशनीने दोन्ही हात मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि तिसरा क्रमांक नुसता मनातल्या मनात जुळवायला घेतला. आठव्या अक्षराला तिचा धीर सुटला आणि ती तिथेच थांबली.



“ताई,” प्रफुल हळूच म्हणाला, “या गाठीवर आठच उमटले. काऊन थांबल्या तुमी?”