जिवंत बापाचं सुतक

"तुमी हाय?" चंद्राबाईच्या डोक्यावरची भाजीची पाटी दारातच कलंडली. "आगं बया! मास्तर, तुमी हाय?"

गोपाळकृष्ण दातार ओसरीवर पेपर वाचत बसले होते. आपण असण्याबद्दल आजवर कुणी त्यांना जाब विचारला नव्हता.

"मी नसायला काय झालं?" ते गरजले.

"दूधवाल्या किशोरनं तुमच्या देवूदादाला शेलूच्या टेशनावर बघितलं. डोकं भादरलेलं, मिशी बी नाय. मंग आमाला वाटलं, मास्तर गेलं. आमी रडलो वो सगळे." चंद्राबाई वांगी गोळा करू लागली. रडणं फुकट गेल्याचं थोडं वाईटही तिला वाटत असावं.

तासाभरात शेजारच्या सुनंदाताई पडेल चेहऱ्यानं येऊन गेल्या. मग दोन जुने विद्यार्थी आले. मास्तरांना पाहताच त्यांनी हातातला हार पाठीमागे लपवला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे कर्जतमधलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांची बायको मालतीबाई मुलाला, देवव्रतला घेऊन शेलूच्या फ्लॅटवर राहायला गेल्या, त्याला सात वर्षं झाली होती. "मी मेलो तरी तुम्हाला कुणी कळवणार नाही," असं मास्तरांनीच तेव्हा दारात उभं राहून सुनावलं होतं. त्यानंतर बोलणं नव्हतं. पण बोलणं नसणं वेगळं आणि धडधाकट बापाला पोहोचवून मोकळं होणं वेगळं! नावापुरता का होईना, एक मुलगा उरला होता. तोही गेला की काय, एवढंच त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी गाडी काढली.

देवव्रतनं दार उघडलं. घरातसुद्धा डोक्यावर टोपी होती आणि मिशी खरंच नव्हती.

"तुझी आई?"

"घरात नाही."

ते एक बरं झालं, असं मास्तरांना वाटलं. दोघांशी एकाच वेळी भांडायची आता ताकद नव्हती.

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच..."

"गप्प! आधी एका शब्दात उत्तर दे. हे डोकं माझ्या नावानं भादरलंस?"

"नाही."

"मग कशासाठी?"

देवव्रतनं एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. "केस लावून घेतले," तो शेवटी म्हणाला. "पुढून विरळ झाले होते ना. त्यासाठी आधी डोकं भादरतात."

"लावले? मग आहेत कुठं?"

"गळले. लावलेले केस दोन-तीन आठवड्यांनी गळतातच. पुढं तीन-चार महिन्यांनी परत येतात. आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचंही असंच झालं."

"आणि मिशी? ती पण उपटून टाळूवर लावलीस काय?"

"विचित्र दिसत होती. काढून टाकली."

मास्तर मटकन सोफ्यावर बसले. पोरानं आपल्याला मारलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की आता पाणी मागावं, चहा मागावा, मुक्काम करावा. पण कर्जतहून आणलेला राग अजून तसाच शिल्लक होता आणि तो कुणावर तरी काढणं भाग होतं.

"लावलेले केस गळतात म्हणे! उद्या एखादा गवंडी म्हणेल, बांधलेली भिंत आधी पडते आणि चार महिन्यांनी आपोआप उभी राहते. कुठला डॉक्टर हा?"

"राहू द्या ना, बाबा."

"कुठला?"

"कुंभिवलीचा. हायवेवर आहे."

"चल. ऊठ."

वाटेत देवव्रतनं टोपी कानांपर्यंत ओढून घेतली. मास्तर मात्र रस्ताभर बोलत होते. आजोबांचे केस ऐंशीव्या वर्षी कसे दाट होते, इथपासून ते आजकालच्या डॉक्टरांपर्यंत कुणालाच त्यांनी सोडलं नाही. "माझ्या पोराला कुणी फसवायचं नाही," ते म्हणाले आणि आपण 'माझा पोरगा' म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं.

"तुझी आई काय म्हणाली या थेरांवर?"

"काही बोलली नाही."

"ती कधी बोलली म्हणा! तिला सांग, मी स्वतः भांडायला आलो होतो म्हणून."

देवव्रतनं हातानं पुढचं वळण दाखवलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, अंतरा नावाच्या. मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. फसवणूक, लूट, पेपरात देईन, सगळं बोलून झालं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, भाताची लावणी केल्यावर रोप आधी मलूल होतं की नाही? पण मूळ धरलेलं असतं. केसांचं तसंच आहे. वरचा केस गळतो, मूळ आत राहतं. थोडी कळ काढा, नवा केस येतो. हे सगळ्यांचं होतं."

भाताचा दाखला मास्तरांना पटला. आपण जरा जास्तच बोललो, असंही वाटून गेलं.

"मग निदान बघा तरी," ते नरमाईनं म्हणाले. "नीट मूळ धरलंय ना, तेवढं सांगा."

"नको," देवव्रतनं टोपी दोन्ही हातांनी धरली.

"लाजतोस काय डॉक्टरला!" म्हणत मास्तरांनी टोपी ओढून काढली.

अंतराबाई पुढं वाकल्या आणि तशाच थांबल्या. ना खपली, ना सुईची खूण. डोकं वस्तऱ्यानं गुळगुळीत केलेलं आणि मागं बोटभर शेंडी राखलेली.

"यांचं ऑपरेशन आमच्याकडे झालेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कुठंच झालेलं नाही."

शेंडी मास्तरांनाही दिसली होती. त्यांचा आवाज चिरकला. "म्हणजे खरंच! नालायका, जिवंत बापाच्या नावानं तू..."

"तुमच्या नावानं नाही, बाबा," देवव्रत म्हणाला. "आईच्या."