मैत्रीभावना

सासूबाई ध्यानाच्या वर्गातून आल्या आणि चपला काढतानाच म्हणाल्या, "उद्यापासून मी जाणार नाही."

"का हो आई, गुडघे दुखतात?"

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस! मैत्रीभावना करताना ज्या माणसाचा राग येतो त्याला डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याचं भलं होवो म्हणायचं. मी रोज तुला आणायचे."

बाळाला थोपटणारा माझा हात थांबला.

"आज आणलं, तर कडेवर पोर घेऊन ओट्याशी उभ्याने जेवताना दिसलीस. राग काही येईना. आता दुसरं कोण शोधू?"

त्यांनी बाळाला माझ्याकडून ओढून घेतलं. "बघतेस काय? ताट वाढून घे आणि बसून जेव!"

आवाज मात्र नेहमीसारखाच चढलेला होता.