जोडीतली एक

“वजनाच्या आदल्या संध्याकाळी दाणा उचलायचा. पाणी ठेवायचं. भरल्या पोटाची कोंबडी तोलून देणं म्हणजे दाणाच कोंबडीच्या भावाने विकणं.”

अक्काला हे तिच्या आईने सांगितलं होतं आणि अक्काने सुनेला. काल संध्याकाळी अक्का मुद्दाम परसात गेली नाही. खिडकीशी उभी राहून बघत राहिली. सून शेडमध्ये वाकली, दाण्याची भांडी बाहेर काढली, पाण्याची तेवढी आत ठेवली. मग अक्काने देवाला हात जोडले. जोडताना तिला हसू आलं.

ही खेप पहिल्यापासून सुनेची होती. पिल्लं आली त्याच दिवशी अक्काने सांगून टाकलं होतं, “या वेळी मी हात लावणार नाही. जमलं तरी तुझं, फसलं तरी तुझं.”

“आणि मेली तर?”

“तर दोघी मिळून रडू.”

शेजारच्या शिंपीणबाईंना हे कळायला कितीसा वेळ लागणार? “अक्का, गादी सोडलीत वाटतं,” त्या कुंपणावरून म्हणाल्या.

“सोडली कुठे? जरा सरकून बसले.”

सून शिकत गेली. बल्बखाली पिल्लं एकमेकांना चिकटली की त्यांना थंडी वाजतेय, कडेला पळाली की उकडतंय, हे तिला बघताक्षणी कळू लागलं. खालचा लाकडाचा भुसा ती रोज खालीवर करायची. मग उकिडवी बसून, नाक पिल्लांच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यायची. उभ्या माणसाला जो वास येत नाही, तो खाली डोळ्यांना झोंबतो. एकदा ती तशी बसलेली शिंपीणबाईंनी पाहिली.

“काय गं, अंडी घालतेस की काय?”

“घातली तर उबवायला तुम्हालाच देईन, काकू.”

अक्का मधूनमधून शहरात भावाकडे जाऊन यायची. एकुलता धाकटा भाऊ, वर्षभर आजारी. आई जाताना त्याचा हात हिच्या हातात देऊन गेली होती. “मी बघेन त्याचं,” असं अक्काने तेव्हा म्हटलं होतं. तिच्या घरात एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणायची पद्धत नव्हती.

एकदा ती परतली तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

“हे काय, आई?” सुनेने विचारलं.

“त्याच्याबरोबर गेलेच होते, तर माझंही रक्त बघून घेतलं.”

“मग काय म्हणाले?”

“घोडी आहे म्हणाले.”

पुढे कितीतरी दिवस ही घोडी घरात मिरवत होती. जिना चढली तरी सांगायची, बादली उचलली तरी सांगायची.

आज दुपारी खानावळवाला आला. माणूस कौतुकाला कंजूष. पक्षी त्याच्या मनास आले, तर कायमचं गिऱ्हाईक मिळणार होतं. नाही तर परसातलं शेड अडगळ ठेवायलाच उरणार होतं. अक्काला काळजी होती ती वेगळीच. आपण घरात नसताना सून हे एकटीने पेलेल का, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणून ती दारातच थांबली, हात मागे बांधून.

खानावळवाल्याने एक पक्षी उचलला. छाती चाचपली, पंजे उलटे करून पाहिले, मानेखाली बोट दाबलं.

“पोट रिकामं?”

“कालपासून,” सून म्हणाली. “नुसतं पाणी.”

त्याने काट्याला पक्षी लावला. काटा बघितला, पुन्हा बघितला. मग अक्काकडे वळला. “अक्का, तुमचा हात अजून शाबूत आहे.”

“माझा हात लागलेलाच नाही. हिच्या आहेत.”

“असं?” तो सुनेकडे बघत म्हणाला. “मग पुढच्याही हिच्याकडूनच.”

सुनेचे कान लाल झाले. अक्का पाठ फिरवून डोळे पुसू लागली.

“आई, रडताय?”

“भुसा गेला.”

खानावळवाला गेला तशी अक्काने कोपऱ्यातली पिशवी उचलली. तीन-चार कपडे, जपाची माळ, बस्स.

“चार घास खाऊन तरी जा,” सून म्हणाली.

“नको. उपास आहे.”

“तुमचे उपास लक्षात ठेवायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. बरं, मामांना एक जोडी न्या. माझ्या हातच्या पहिल्या आहेत.”

“जोडी कशाला? जोडीतली एक दिली की पुरे.”

“मग एक देते बांधून.”

“मी घेतलीय.”

“कधी घेतलीत? मला दिसली नाही ती.”

“सगळं तुला दिसलंच पाहिजे का?” अक्का हसली. “आणि हे बघ, मी परत आले की दाण्याची पोती तूच उचलायची. मी मागितली तरी देऊ नकोस.”

“का? घोडी दमली?”

“घोडीला रजा नसते का?” अक्काने सुनेच्या गालाला हात लावला आणि ती निघाली.

कोपऱ्यावर वळते तोच फोन वाजला. भावजय होती.

“वन्सं, हे अजून नको नको करतायत. तुम्ही घरी सांगितलंत ना?”

“सांगितलं. भावाकडे चाललेय म्हणून.”

“एवढंच?”

“बाकीचं टाके पडल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर सून बसच्या आडवी पडेल. आणि त्याला म्हणावं, माझा शब्द आईशी झालाय, तू मध्ये बोलू नकोस.”

अक्काने पिशवी खांद्यावर नीट केली आणि थांब्याच्या दिशेने पाय उचलला.

“डॉक्टरांना सांग,” ती म्हणाली, “किडनी घरून निघालीय. चांगली पोसलेली आहे.”