बोटींचं दार

"तीन महिने झाले, एकदाही अडला नाही!" विनेशने भाजी गुंडाळलेल्या रोटी पार्सलचा मोठा घास घेतला. "ह्याला म्हणतात प्रोग्राम. एपेली, तुझा तर दर सोमवारी रुसून बसायचा, आठवतं ना?"

एपेली हसला. न हसून करतो काय? विनेश बॉस होता आणि सगळी कचेरी ऐकत होती.

सुवा बंदरावरच्या त्या कचेरीला बेटाबेटांतून फिरणाऱ्या बोटी दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा कळवत. बोटीवरचं यंत्र कचेरीतल्या सर्व्हरला हाक मारी आणि दाराशी बसलेला एक प्रोग्राम तिला आत घेई. वीस वर्षं त्या दाराशी एपेलीचा प्रोग्राम बसला होता. आता तिथे अश्नीताचा होता, आणि अश्नीता होती सव्वीस वर्षांची.

पोरीचं काम देखणं होतं, हे एपेलीला जास्त झोंबायचं. त्याचा प्रोग्राम एका बोटीचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय दुसरीला आत घेत नसे. मागच्या बोटी ताटकळत. हिचा येईल तिला आत घेऊन पुढच्या हाकेला मोकळा. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने तो ओळन्‌ओळ वाचला होता, खोट काढायलाच. आणि खोट सापडली. आत घेतलेल्या प्रत्येक हाकेला एक नंबर द्यावा लागतो, आणि काम झालं की तो परत घ्यावा लागतो. सर्व्हरकडे असे नंबर हजारभरच. समुद्रावरून आलेली हाक मध्येच तुटली, तर अश्नीताचा प्रोग्राम नंबर परत घ्यायचं विसरत होता. दिवसाला पाचसहाशे हाका तुटत. म्हणजे दोन दिवसांत नंबर संपणार, दार बंद, आणि बोटी बाहेर हाका मारत बसणार.

त्या संध्याकाळी एपेली गुणगुणत घरी गेला होता. आता पडेल तोंडावर, मग बघू तिची ऐट.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सातलाच कचेरीत आला, मजा बघायला. नऊशे नंबर गेले होते. लाऊ बेटांकडे वारा सुटला होता आणि तेवीस बोटी बाहेर होत्या. एपेली थोडा वेळ बघत राहिला. मग स्वतःला शिव्या घालत त्याने तिचा प्रोग्राम बंद केला आणि लगेच पुन्हा चालू केला. सगळे नंबर मोकळे झाले. त्यानंतर रोज सातला तेच. करायला गेलो काय आणि झालं काय! तिला पडताना बघायला आला होता, आणि रोज पहाटे उठून तोच तिला सावरत होता. कौतुक मात्र तिचं.

विनेशचं कौतुक अजून चालूच होतं, तेवढ्यात एपेलीचा फोन वाजला. बायको, तोकासा.

"सहाची बोट आहे, ऐकतोयस ना? दोनदा तू रजा पुढे ढकललीस. ह्या खेपेला काही निघालं, तर मी एकटी जाईन कादावू बेटावर. तुझ्या जागेवर दालोच्या कंदांचं पोतं ठेवीन. ते निदान वेळेवर निघतं."

"येतोय गं बाई."

दहा दिवसांची रजा. एपेलीने पिशवी आवरायला घेतली. परवा दार बंद होणार होतं, आणि त्याचा हात तिथे पोचणार नव्हता. बरंच झालं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं.

सगळे पांगल्यावर अश्नीता लिंबाच्या पानांचा चहा घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"अंकल, एक बोलू? रागावू नका. रोज सकाळी सातला तुम्ही माझा प्रोग्राम बंद करता. नोंदीत तुमचं नाव येतं."

एपेलीचा हात पिशवीतच राहिला.

"पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रडले," ती म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ दे. वीस वर्षं ज्यांनी सांभाळलं त्यांना राग येणारच. आणि लगेच चालूही करता, नुकसान काहीच नाही. बॉसला मी कळू दिलेलं नाही."

म्हणजे तिने माफ केलं होतं! तीन महिने ही पोर त्याची कीव करत होती. एपेलीच्या अंगाचा तिळपापड झाला. असंच निघून जावं, परवा कळेल हिला. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेला. भिंतीवरच्या पडद्यावर बोटींचे ठिपके सरकत होते, आज एकोणचाळीस.

तो परत आला. पिशवी न उतरवताच म्हणाला, "उघड तुझा प्रोग्राम. दोनशे अकरावी ओळ. आता सांग, हाक मध्येच तुटली तर काय होतं?"

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. ओठातल्या ओठात हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला.

"दोन दिवसांत बंद पडला असता," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही रोज सकाळी..."

"हो."

तिने राहिलेली ओळ लिहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, अंकल?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

एपेलीने चहा एका घोटात संपवला.

"सांगितलं असतं, तर तुझा प्रोग्राम माझ्या प्रोग्रामपेक्षा चांगला झाला असता."