मागच्या बाकावरचा तास

शाइस्ताने ओढणीचा पदर करून खांद्यावर घेतला, खडू दोन बोटांत नाजूक धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "शांत, लेकरांनो, शांत. गोंगाटात सरस्वती येत नसते." अख्खी दहावी खदखदून हसली.

शेवटच्या बाकावर बसलेल्या वर्षाली मॅडमनाही हसू आवरेना. पोरीने त्यांचा आवाज बेमालूम उचलला होता.

वलगावच्या त्या हायस्कुलात दर शनिवारी प्रार्थना झाली की हेडमास्तर तायडे सर आठवड्याच्या सूचना वाचत. आजची सूचना हीच होती: एक तास मुलं शिकवतील, शिक्षक मागे बसून बघतील. दुसरी एक सूचना मात्र त्यांनी मुलांसमोर वाचली नव्हती. ती काल रात्रीच शिक्षकांच्या ग्रुपवर आली होती. यंदा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, तेव्हा प्रत्येक तुकडीतून त्याच्या आड येईल असं एक नाव द्या. अशा पोराच्या बापाला बोलवायचं, दाखला हातात द्यायचा. मग त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं. शाळेच्या निकालात ते पोर धरलं जात नाही.

श्रावणातला शनिवार. मॅडमनी पहाटे मारुतीला रुईचा हार घातला, निरांजन ओवाळलं, आणि ओले हात पदराला पुसून ग्रुपवर नाव टाकलं. दुर्गा. खाली हात जोडल्याची खूणही टाकली. बिचारीला घरी निवांत अभ्यास तरी करता येईल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

वर्गात दुसरीकडे जागा नव्हती म्हणून त्या आता दुर्गाच्याच शेजारी बसल्या होत्या.

"रोहित बाळा, तू सांग," शाइस्ता रांगेने विचारत निघाली. "कैरी झाडावरून खालीच का पडते?"

"पृथ्वी वढते म्हणून, मॅडम. अन् तिनं नाई वढली तं गोटा मारा लागते."

"वांड कुठला! बस खाली. देव बघतो बरं सगळं."

पुन्हा हशा. एकेक बाक करत प्रश्न मागे येत गेला. शेवटच्या बाकाजवळ आला तशी दुर्गा खाली वाकली, तिने पाण्याची बाटली काढली आणि निवांत दोन घोट घेतले. शाइस्ताची नजर तिच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडच्या रांगेतल्या पहिल्या बाकावर जाऊन टेकली. थांबली नाही, अडखळली नाही. मोडकी पायरी घरच्या माणसाने न बघता ओलांडावी, तशी.

मॅडमना वाटलं, पोरगी खोडी काढतेय.

"शाइस्ता," त्या मागूनच म्हणाल्या, "दुर्गा राहिली."

शाइस्ता गोंधळली. पदर खांद्यावरून घसरला. "तिले नसते इचारत, मॅडम."

"असं कोण म्हणालं?"

"कोनी नाई म्हटलं. तुमीच नाई इचारत." आपली चूक काढल्यासारखं वाटून ती घाईने म्हणाली, "म्या तं बराबर तुमच्यासारखंच करून राहिली!"

रोहित तिच्या मदतीला धावला. "खरंच हाय, मॅडम. तिच्यापाशी आलं का प्रश्न सिधा त्या रांगेत जाते. सगळ्याइले माईत हाय."

कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मॅडमच्या मनात उत्तर तयार होतं. ती अडखळत बोलते, पोरं हसतात, तिला कशाला लाजवायचं, म्हणून मी... पण ते सांगण्याआधी त्यांनी शेजारी पाहिलं. दुर्गा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. मॅडम काय सांगतात, एवढंच ती ऐकायला बसली होती.

"तू... तू कधी बोलली का नाहीस ग?" मॅडमनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"क-करत होती मी आधी हात वर," दुर्गा म्हणाली. "मंग सो-सोडलं."

फळ्यापाशी शाइस्ताने पदर सावरला, घसा खाकरला, आणि पुन्हा तोच आवाज लावला. तो गोड आवाज मॅडमना आता ऐकवेना.

"दुर्गा बाळा, तू सांग. चंद्रावर माणसाचं वजन कमी का भरतं?"

सगळ्या माना मागे वळल्या. दुर्गा उठली. उभं राहून हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना, तेव्हा तिने ते बाकाच्या कडेवर ठेवले.

तेवढ्यात दारात शिपाई महादेवराव आले. "मॅडम, दुर्गाले दप्तर घेऊन ऑफिसात बोलावलं सरनं. तिचे बाबा आले हायत. दाखला तयार हाय म्हना."

"कायचा दाखला?" कुणीतरी कुजबुजलं.

दुर्गाला काही कळलं नाही. तिने महादेवरावांकडे पाहिलं, मग शाइस्ताकडे, आणि शेवटी मॅडमकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ हलत होते, शब्द तयार होता.

"मॅडम, उ-उत्तर सांगून जाऊ का मी?"

महादेवराव बाकापर्यंत आले होते. "द्या मॅडम ते दप्तर, मी नेतो. सर थांबले हायत."

दप्तर वर्षाली मॅडमच्या मांडीवर होतं. आपण ते कधी उचललं, त्यांना आठवेना. दोन्ही हातांची मिठी त्याला पडली होती, आणि महादेवरावांनी बंद धरून दोनदा ओढलं तरी ती सुटत नव्हती.